ओठावर उतलेला ताप

माझ्या धाकट्या बहिणीने माझा सौदा दोनदा मोडला. पहिल्यांदा तिच्याच लग्नाच्या बोलणीत आणि दुसऱ्यांदा पुण्याच्या इस्पितळात, तिचा उजवा हात राहतो की जातो हे ठरत असताना. पहिल्या वेळचा राग मी वीस वर्षं सांभाळला. दुसऱ्या वेळचाही अजून शिल्लक आहे, पण तो नेमका कुणावर काढायचा हे आताशा कळत नाही, म्हणून लिहायला बसलो आहे. बसलो आहे म्हणजे दर दोन ओळींनी उठतो आहे. शेडच्या दारापर्यंत जातो, परत येतो. पुढच्या मंगळवारी तिची तपासणी आहे. तोवर हे असंच चालणार.

मी तासगावचा बेदाण्याचा व्यापारी. आमच्या सौद्यात पेटी फोडतात, ताटात माल ओततात. घेणारे मूठभर उचलतात, दोन दाणे तोंडात टाकतात आणि उरलेले जमिनीवर सोडून पुढच्या ताटाकडे सरकतात. विशीत मी तिथे हमाली करत होतो. सौदा उठला की सांडलेले दाणे झाडून गोळा करायचे, धुवायचे, वाळवायचे आणि आष्ट्याच्या बाजारात विकायचे. लोक हसायचे. त्या केरातूनच मी उभा राहिलो, कुणाच्या शिफारशीवर नाही.

तिथे मी एक गोष्ट शिकलो. ताटात वर काय दिसतं त्यावर भाव ठरतो. वर एक काळा दाणा आला की घेणाऱ्याला सगळं ताटच काळं दिसायला लागतं. म्हणून काळा दाणा खाली राहू द्यायचा. खोटं बोलायचं नाही, पण विचारल्याशिवाय दाखवायचंही नाही. आणि सौदा चालू असताना आपल्या बाजूच्या माणसाने तोंड उघडायचं नाही.

बहीण माझ्याहून आठ वर्षांनी लहान. जन्मापासून तिच्या पाठीवर दुधाच्या चहाच्या रंगाचे डाग होते. मोठी होत गेली तशा हातावर, पाठीवर मऊ गाठी आल्या, कातडीखाली बेदाणा सरकवून ठेवावा तशा. दुखत काही नव्हत्या. कुणी उष्णता म्हणायचं, कुणी आणखी काही. हा नसांचा जन्मजात आजार आहे आणि त्याला नाव आहे, हे आम्हाला कळायला फार वर्षं जावी लागली. वडील लवकर गेल्याने तिचं लग्न मलाच जमवायचं होतं. साताऱ्याचं एक स्थळ आलं. मुलगा फौजेत, सुट्टीवर आलेला. मी ऐन वैशाखात तिला मनगटापर्यंत बाहीचा ब्लाउज घालून बसवलं. तो तिनेच शिवला होता. शिवणकामात तिचा हात तेव्हाही आसपासच्या चार गावांत नावाजलेला.

चहा झाला. मुलाच्या मामांशी माझं बोलणं रंगात आलं. मानपान, जेवणावळ, लग्न कुणाच्या दारात, एकेक मुद्दा मी माझ्या बाजूला ओढून आणला होता. तेवढ्यात ही म्हणाली, "एक दाखवायचं ऱ्हायलंय," आणि तिने उजवी बाही कोपराच्या वर सारली.

मामांनी कप खाली ठेवला. माझ्या कानातून वाफ निघाली. मुलगा मात्र वाकून गाठी बघायला लागला, शेतकरी कणीस बघतो तसा.

"दुखतंय का?" त्याने विचारलं.

"न्हाई."

"मग ठीक हाय. आमी बंदुकीच्या गोळ्या झेलायला जाणारी माणसं. ह्या चार गोळ्यांचं काय भ्या घालता?"

सगळे हसले. लग्न ठरलं. पण त्या एका बाहीमुळे मला लग्न आमच्याऐवजी त्यांच्या दारात करून द्यावं लागलं, आणि ते मी विसरलो नाही. पाठवणीच्या वेळी सगळे रडत होते, तेव्हा मी तिला म्हणालो, "गप बसली असतीस तर काय बिघडलं असतं?" ती म्हणाली, "दादा, लग्न झाल्यावर काय जन्मभर बाही खाली ठेवायची व्हय?" त्याने माझा राग आणखी वाढला.

संसार चांगला झाला. दाजी आता सुभेदार आहेत, वर्षातले दहा महिने सीमेवर. साताऱ्यात तिने दोन खोल्यांत शिलाई मशीन मांडली आणि अख्ख्या कॉलनीचे ब्लाउज शिवले. तीन वर्षांपूर्वी तिच्या उजव्या कोपराच्या आतल्या बाजूची एक गाठ कडक झाली. बाकीच्या गाठी जन्मभर होत्या तेवढ्याच राहिल्या होत्या, ही दोन महिन्यांत लिंबाएवढी झाली. करंगळीत आणि तिच्या शेजारच्या बोटात मुंग्या यायच्या, मग करंट बसावा तशी कळ जायची. एक दिवस कापड कापताना कात्री हातातून पडली आणि तिला कळलंच नाही. खाली बघितलं तेव्हा कळलं.

साताऱ्याच्या डॉक्टरांनी सांगलीला पाठवलं, सांगलीने तुकडा काढून तपासला. नसेच्या आवरणातली गाठ होती आणि ती बिघडली होती. असली गाठ फार कमी लोकांना होते, असं सांगलीचे डॉक्टर म्हणाले. जणू आम्हाला बक्षीस लागलं होतं. कापायची तर नसेसकट कापावी लागेल, आणि ती अशा जागी होती की कदाचित कोपराच्या वरून हातच काढावा लागेल. बहिणीने विचारलं, "मशीन पायानं चालती, पण कापड कोन धरनार?" मग डॉक्टर म्हणाले, पुण्यात एक चाचणी चालू आहे. बदल केलेला विषाणू गाठीत टोचतात. घेतील की नाही सांगता येत नाही, पण जाऊन बघा.

मी दुसऱ्याच दिवशी पहाटे तासगावातून गाडी काढली, साताऱ्यात तिला घेतलं आणि दहाच्या आत पुण्यात पोचलो.

तिथली डॉक्टर वयाने माझ्या मोठ्या मुलीएवढी. आवाज हळू, पण एका शब्दानेही मागे सरकणारी नव्हती. मी खुर्ची ओढून बसलो आणि नेहमीसारखी सुरुवात केली.

"मॅडम, शंभरात किती बरे होतात?"

"अजून माहीत नाही. तेच शोधतोय आम्ही."

"म्हंजे माल न बघता घ्यायचा म्हणा की."

"घ्यायलाच पाहिजे असं नाही. आणि घेतल्यावर मधेच सोडून जावंसं वाटलं, तरी जाता येईल. कारणसुद्धा सांगावं लागणार नाही."

मी इतके सौदे केले, पण समोरचा माणूस आधीच दार उघडून धरतो असा प्रकार बघितला नव्हता. इंजेक्शन चार आहेत तर सहा द्या म्हणालो. ती नाही म्हणाली. मग डोस थोडा वाढवा म्हणालो. ती म्हणाली, "काका, हा गुळाचा खडा नाही." तपासण्या, औषध, सगळं फुकट आहे हे ऐकल्यावर तर माझा संशय दुप्पट झाला. हाताची हमी द्या, एवढी शेवटची मागणी मी टाकली. तिने माझ्याकडे न बघता बहिणीकडे बघितलं आणि म्हणाली, "हमी नाही. प्रयत्न आहे." बहिणीने मान हलवली. मला वाटलं, हिने पुन्हा घाई केली. अजून बरंच ओढता आलं असतं.

मग डॉक्टरने कागदावर चित्र काढून समजावलं. विषाणूतले घातक भाग कापून टाकलेले असतात. निरोगी पेशीत तो वाढू शकत नाही. बिघडलेल्या पेशीत मात्र तो शिरतो, वाढतो, ती फोडतो, आणि शेजारच्या पेशीत जातो. शिवाय त्या फुटलेल्या पेशींमुळे अंगाची स्वतःची फौज जागी होते.

मला एकदम लख्ख कळलं. "आवं, हे आमच्या बागेतल्यासारखंच की! द्राक्षावर पिठ्या ढेकूण पडतो. सालीखाली लपतो, औषध पोचत न्हाई. मग आमी भुंगेरं आणून सोडतो. ते सालीखाली घुसून ढेकूण खातंय, तिथंच पिलावळ वाढवतंय. द्राक्षाला काय करत न्हाई."

ती पहिल्यांदा हसली. "आणि भुंगेरे सोडल्यावर फवारणी करता?"

"छ्या! फवारा मारला तर भुंगेरंच मरायचं. मी तर शेतकऱ्यांना बोंबलून सांगत असतो."

"इथेही तसंच आहे," ती म्हणाली.

हे सगळं तिने मला माझ्याच भाषेत सांगितलं होतं. कुणी मला काही सांगितलं नाही, असं म्हणायची सोय राहिली नाही. पुढचं वाचताना हे ध्यानात असू द्या.

संमतीपत्र मराठीतच होतं, पण जाडजूड. एका बाई समुपदेशकाने ते दोन तास वाचून दाखवलं. बहीण प्रत्येक पानाला प्रश्न विचारत होती. मी मात्र अर्ध्याहून जास्त वेळ बाहेर व्हरांड्यात फोनवर होतो, कारण तासगावात आभाळ भरून आलं होतं आणि माझा माल शेडच्या जाळ्यांवर उघडा पसरला होता. कागदात एक वाक्य असं होतं की हा विषाणू ओठावर फोड आणणाऱ्या विषाणूपासून बनवला आहे आणि त्या विषाणूवरच्या गोळ्या या काळात घ्यायच्या नाहीत. ते वाक्य वाचलं गेलं तेव्हा मी ताडपत्री ओढायला सांगत होतो. माल वाचला.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट झाली. बाकावर आमच्या शेजारी सोलापूरकडचे एक गृहस्थ बसले होते, त्यांच्या मांडीत तसलीच गाठ. त्यांच्या रक्तात काहीतरी निघालं म्हणून त्यांना घेतलं नाही. पिशवी काखेत मारून ते जिना उतरत गेले. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. एका काळ्या दाण्यावर अख्खं ताट परत. हे माझ्या डोक्यात जे बसलं ते बसलं.

बहिणीला घेतलं. पहिल्या इंजेक्शनच्या दिवशी धूर निघणाऱ्या गोठलेल्या पेटीतून एवढीशी कुपी बाहेर आली. नर्सने दोन-दोन हातमोजे घातले होते. सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत डॉक्टरने गाठीत सुई घातली. औषध चहाच्या चमच्यापेक्षाही कमी. "एवढंच?" माझ्या तोंडून निघालं. बहीण दात आवळून म्हणाली, "तुला बादलीभर पायजे हुतं का?"

त्या रात्री तिला हुडहुडी भरून ताप आला. येणार असं सांगितलेलंच होतं. दाजींना सुट्टी नव्हती आणि त्यांचा मुलगा शिकायला बाहेरगावी, म्हणून इंजेक्शननंतरचे आठ-दहा दिवस मी साताऱ्यातच राहायचो. जखमेवरची पट्टी उघडायची नाही, काढलेली पट्टी पिशवीत बंद करून परत द्यायची, तान्ह्या मुलाला जवळ घ्यायचं नाही. शेजारची बाळंतीण बाळाला घेऊन आली की बहीण खिडकीतूनच त्याच्याशी बोलायची. सकाळ-संध्याकाळ ताप मोजून वहीत लिहायचा आणि पुण्याला फोन करायचा. माझ्याच्याने स्वस्थ बसवत नसे. मी तिच्या दोन खोल्यांत येरझारा घालायचो. ती म्हणायची, "दादा, तासगावला चालत निघाला असतास तर आतापर्यंत पोचला असतास."

दुसऱ्या इंजेक्शननंतर गाठ सुजली आणि मग जराशी मऊ पडली. मला वाटतंय म्हणून नव्हे, डॉक्टरांनीही दाबून बघितलं आणि तसं लिहून घेतलं. बहिणीने एक दिवस काजं करून बघितली. सुई हातात टिकली. चुलीपुढे बसून मी पहिल्यांदा पोटभर जेवलो.

तिसऱ्यानंतर ताप आला, उतरला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्या ओठाच्या कडेला पाण्याने भरलेले चार फोड आले. आमच्याकडे याला ताप उतला म्हणतात, आणि ते चांगलंच मानतात. आतला ताप बाहेर पडला, माणूस आता बरा होणार. एरवी मीही तेच म्हटलं असतं. पण मला ते फोड दिसले आणि लगेच जिना उतरणारे सोलापूरकडचे गृहस्थ दिसले.

"पुण्याला सांगायला पायजे," ती म्हणाली. फोन तिच्या हातात होता.

"थांब जरा. सांगितलंस की चौथं इंजेक्शन देत न्हाईत बघ. परत पाठवतील."

"आसं कुठं म्हणलंय त्यांनी?"

"म्हणत न्हाईत. करतात."

दर उन्हाळ्यात शेडमधल्या उष्म्याने माझेच ओठ फुटतात. त्यावरच्या गोळ्या मी गाडीत कायम ठेवतो, दोन दिवसांत खपली धरते. खाली गेलो आणि गोळ्यांची पट्टी घेऊन आलो.

"कसली गोळी हाय ही?"

"ओठाची. मी सोता घेतो की. काय होत न्हाई."

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. मग घेतली. नंतर मी तिला कधीतरी विचारलं, का घेतलीस? ती म्हणाली, "तुझं तोंड बघून. तू लय भ्यालेला दिसत हुतास." हे ऐकून मला जो संताप आला तो कशाचा होता, तेही सांगता येत नाही.

तीन दिवसांत फोड सुकले. पुण्याच्या वारीला गेलो तेव्हा ओठावर जेमतेम खपली होती. रस्त्यात मी तिला बजावलं होतं, विचारलं तर आपलं काही नाही. डॉक्टरने वही बघितली, हात बघितला, आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "मधे दुसरं कुठलं औषध?"

"काही नाही," मी म्हणालो.

बहिणीने पर्स उघडली आणि रिकामी झालेली पट्टी टेबलावर ठेवली. तिने ती जपून ठेवली होती. "ह्या घेतल्या. अकरा. तीन दिवसांत. ओठाला फोड आल्ते."

मला तीच वीस वर्षांपूर्वीची बाही वर जाताना दिसली.

डॉक्टरने पट्टी उलटीपालटी करून वाचली. चष्मा काढला. ओरडली असती तर बरं झालं असतं, ओरडण्याला मला उत्तर देता येतं. ती म्हणाली, "फोड आल्या दिवशी फोन केला असता तर आम्ही त्यातलं पाणी तपासायला घेतलं असतं. तो तुमचा नेहमीचा विषाणू आहे की आम्ही टोचलेला, ते कळलं असतं. यांना काढून टाकलं नसतं." मग पट्टी माझ्याकडे सरकवून, "ही गोळी तो विषाणू मारते. ओठावरचाही आणि गाठीतलाही."

मी उभा राहिलो. मी पुष्कळ बोललो. इतक्या जाड कागदात काय शोधायचं, गाडीतून जाता-येता जीव जातो, माणसं परत पाठवता तेव्हा आम्ही घाबरणारच, साधं गोळीचं पाकीट दाखवून सांगितलं असतं तर काय झालं असतं. यातली शेवटची गोष्ट मी आजही खरी मानतो. बाहेरून एक शिपाई डोकावून गेला. डॉक्टरने ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाली, "आज इंजेक्शन देता येणार नाही. समितीला कळवावं लागेल. तीच ठरवेल."

परतीच्या वाटेवर मी बहिणीवर तोंडसुख घेतलं. तू गप्प बसली असतीस तर आज चौथं पडलं असतं, हे मी इतक्यांदा म्हणालो की खंबाटकीच्या अलीकडे मला गाडी बाजूला घ्यावी लागली. ट्रक एकामागून एक घाट चढत होते. ती समोर बघतच म्हणाली, "पडलं असतं आन् गोळीनं आतल्या आत मेलं असतं. भुंगेरं सोडून वर फवारा मारलास की रं दादा."

ती चिडून बोलली नाही. ब्लाउजची शिवण कुठे चुकली ते गिऱ्हाइकाला दाखवावं तशी बोलली. मी गाडी सुरू केली आणि साताऱ्यापर्यंत आम्ही एक शब्द बोललो नाही. खरं तर त्यानंतर मी तिच्याशी जवळजवळ चार महिने बोललो नाही. न्यायला-आणायला जात होतो, डबा पोचवत होतो, पण बोलत नव्हतो. ती माझ्या बायकोला फोन करून विचारायची, "आमचा मौनी महाराज निघाला का?"

तीन आठवड्यांनी समितीचा निरोप आला. गोळीचा अंश अंगातून गेला आहे, पुन्हा सुरू करायला हरकत नाही, मात्र संमती नव्याने घ्यावी. सही करताना मी खोलीत नको, ही अट डॉक्टरची नव्हती, बहिणीची होती. मी व्हरांड्यात फेऱ्या मारत राहिलो. आतून तिच्या हसण्याचा आवाज आला. माझ्याशिवाय कशाचं हसू येतं, असंही वाटून गेलं.

मग डॉक्टरने मला आत बोलावलं. कोणती गोळी, किती, कधीपासून, कुठून आणली, कुणी दिली, हे माझ्या तोंडून लिहून घ्यायचं होतं. मी सांगितलं. काळे दाणे वर मांडायची मला सवय नाही, दर वाक्याला खुर्चीतून उठत होतो. सगळं झाल्यावर मी माझा प्रश्न विचारला.

"माझ्या गोळ्यांनी किती नुकसान झालं?"

"माहीत नाही."

"अंदाजे?"

"अंदाजाने सांगणार नाही."

"निम्मं धरा. पाव धरा. काहीतरी धरा की, मॅडम!"

ती म्हणाली, "काका, मी आकडा दिला तर तो खोटा असेल. आणि तुम्ही तो घेऊन जन्मभर फिराल."

माझ्या सबंध आयुष्यात मला कुणी असं रिकाम्या हाताने परत पाठवलं नव्हतं. दारापर्यंत गेलो तेव्हा तिने मागून हाक मारली. पुढच्या प्रत्येक रुग्णाला आता ते त्या गोळीची दोन-चार कंपन्यांची पाकिटं समोर ठेवून विचारणार होते, अशी गोळी घरात, गाडीत, कुणाच्या खिशात आहे का. "हे तुमच्यामुळे," ती म्हणाली. ती टोमणा मारत होती की नाही, यावर मी अजून विचार करतो.

चौथं इंजेक्शन झालं. गाठ गेली नाही. पण ती वाढायची थांबली, आणि स्कॅनमध्ये तिची एक बाजू आजूबाजूच्या मांसापासून सुटलेली दिसली. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर म्हणाले, आता हात ठेवून गाठ काढून बघता येईल. त्यांनी काढली. कोपर राहिलं, हात राहिला. त्या नसेचा तुकडा मात्र गेला, आणि करंगळी व तिच्या शेजारचं बोट कायमचं बधिर झालं, जरा आत वळून राहिलं. त्या अकरा गोळ्या नसत्या तर ती दोन बोटंही राहिली असती का? शस्त्रक्रियावाल्या डॉक्टरांनाही मी विचारलं. तेही म्हणाले, सांगता येत नाही. एकाही माणसाला भाव सांगता येत नाही, आणि मला भाव कळल्याशिवाय झोप लागत नाही.

बहीण तीन बोटांनी कापड धरायला शिकली. कात्री डाव्या हाताला बदलून घेतली. पहिला ब्लाउज तिने माझ्या बायकोला शिवून पाठवला. बाही एका बाजूला जराशी तिरकी होती. बायको तोच घालून एका लग्नाला गेली.

या भाऊबीजेला मी साताऱ्याला गेलो. पाट मांडलेला, भोवती रांगोळी, दाजी सुट्टीवर आलेले, कोपऱ्यात बसून फटाक्यांच्या आवाजाला नावं ठेवणारे. मी पाटावर बसलो आणि सवयीने लगेच चुळबुळायला लागलो. तिने ताटातलं कुंकू घेतलं, आमच्याकडे घेतात तसंच, करंगळीशेजारच्या बोटावर. मी म्हणालो, "दुसऱ्या बोटानं लाव की." ती म्हणाली, "का? हे बोट काय कुणी इकत घेतलंय?"

तिने बोट माझ्या कपाळाला टेकवलं. तिला तिथे काहीच जाणवत नव्हतं. माझं कपाळ आहे की हवा, हे तिला डोळ्यांनीच बघावं लागत होतं.

"लागलं का रं सरळ?" तिने विचारलं.

दाजी माझ्याकडे बघत होते. भिंतीवरच्या आरशात मला दिसत होतं, कुंकू डाव्या भुवईवर उतरलं होतं. लागलं म्हणणं सोपं होतं.

"न्हाई," मी म्हणालो. "वाकडं लागलंय. भुवईवर आलंय."

तिने पदराने ते पुसलं, पुन्हा बोट कुंकवात बुडवलं.

"आता?"

"अजून जरा उजवीकडं."

"मग तू हलू नकोस तेवढा," ती म्हणाली.

मी हललो नाही.